साळवे मॅडमची चुकीची वाक्यं

साळवे मॅडम मराठी शिकवायच्या आणि मुद्दाम चुकीचं मराठी बोलायच्या. यातलं 'मुद्दाम' मला कळायला एक सबंध सत्र गेलं. तोवर मी त्यांना मनातल्या मनात अर्धवट ठरवून मोकळी झाले होते.

जामखेडच्या कनिष्ठ महाविद्यालयात मी अर्थशास्त्र शिकवायला रुजू झाले, त्या आठवड्यातली गोष्ट. मधल्या सुट्टीत प्राचार्य डबा उघडून बसले होते. मॅडम दारात आल्या आणि अगदी गंभीर चेहऱ्यानं म्हणाल्या, "सर, मी उद्या सह्या करू विसरले तर चालेल का?"

मी दचकून वर पाहिलं. प्राचार्यांनी शांतपणे घास गिळला आणि म्हणाले, "अर्ज द्या."

मॅडम खट्टू होऊन परत फिरल्या. जाता जाता माझ्या कानाशी पुटपुटल्या, "यांना कुठलंही वाक्य चालतं." मला काहीच कळलं नाही. मी आपली मान हलवली.

पुढे मी त्यांच्याच घराच्या माडीवर भाड्यानं राहायला गेले. खाली मॅडम आणि त्यांचे वडील, वर मी. मी कोल्हारची. दारापाशी प्रवरा नदी बघत वाढलेली. जामखेडात आल्यावर टँकरच्या वाराप्रमाणे केस धुवायला शिकले. त्या शिकवणीतही मॅडमच माझ्या गुरू. आठवडी बाजारात मला सोबत घेऊन जायच्या. एकदा कोथिंबीरवालीपुढे बसून म्हणाल्या, "मावशी, मी दोन जुड्या घेऊ ठरवलंय."

"आँ?"

"मी दोन जुड्या घेऊ ठरवलंय."

मावशीचं तोंड वाकडं झालं. "आसं कुनी म्हनतं का बया? घ्यायचं ठरवलंय म्हना की!"

मॅडमचा चेहरा असा फुलला, की मावशीला वाटलं आपण भाव कमी सांगितला. परतीच्या वाटेवर मी शेवटी विचारलंच, की मॅडम, हे काय चाललंय?

तेव्हा समजलं. मॅडम पुण्याला विद्यापीठात भाषाशास्त्रात प्रबंध लिहीत होत्या. विषय असा, की मराठी क्रियापदाला आपल्यासोबत काय काय लागतं आणि ते कुठल्या रूपात लागतं. "क्रियापद जावयासारखं असतं बघ," त्या म्हणाल्या. "त्याचा मानपान ठरलेला. 'झोपणे' हा गरीब जावई. झोपणारा मिळाला, की झालं. 'ठेवणे' मात्र अडून बसतो. ठेवणारा पाहिजे, वस्तू पाहिजे, जागाही पाहिजे. आणि 'ठरवणे'ला 'जायचं' वाढलं तर जेवेल, 'जाऊ' वाढलं तर ताटावरून उठेल. 'शकणे'चं नेमकं उलटं. त्याला 'जाऊ'च पाहिजे."

"मग हे बाजारात कशाला विचारायचं?"

"कारण नियम विचारला, की माणूस शाळेत पाठ केलेलं सांगतो. चुकीचं वाक्य ऐकवलं, की तोंड वाकडं करतो. वाकडं तोंड कधी खोटं बोलत नाही."

वर्गातही त्यांची हीच तऱ्हा. अकरावीच्या पोरांपुढे हातात डस्टर घेऊन उभ्या राहायच्या, "मी ठेवते," एवढंच म्हणायच्या आणि गप्प. पोरं वाट बघायची. मग मागच्या बाकावरून कुणीतरी वैतागून ओरडायचं, "काय ठेवता? कुठं ठेवता?" झालं! त्या पोराला मॅडम दिवसभर डोक्यावर घेऊन नाचायच्या. बारावीच्या निकालात याचा काय उपयोग, असं पालक विचारायचे. ते त्यांनाही सांगता यायचं नाही.

प्रबंधात त्यांनी उदाहरणासाठी बहुतेक ठिकाणी एकच क्रियापद घेतलं होतं, 'जाणे'. जाऊ शकते, जायला हवं, जायचं ठरवलं, जाता येत नाही. मी एकदा त्यांची टिपणं चाळत म्हटलं, "मॅडम, तुमच्या पानापानावर कुणी ना कुणी कुठंतरी निघालंय. तुम्ही तेवढ्या जामखेडात." त्या खळखळून हसल्या. मग म्हणाल्या, "चहा उतू जाईल," आणि आत गेल्या. गॅसवर काहीच नव्हतं. त्यानंतर मी ती थट्टा केली नाही.

त्या जामखेडात होत्या त्या आण्णांमुळे. आण्णा म्हणजे त्यांचे वडील, दानियल साळवे. भुसाराच्या बाजारात लिलाव पुकारायचे. त्यांनी ज्वारीचा भाव पुकारला, की स्टँडवर उभ्या माणसाला तिथल्या तिथं कळायचा, असं जुने लोक अजून सांगतात. एका सकाळी पुकारता पुकारता त्यांचा आवाज अडखळला, उजवा हात खाली पडला आणि आण्णा पोत्यांवर कलंडले. मॅडम प्रबंध अर्धा टाकून पुण्याहून आल्या. थोड्या दिवसांसाठी. आई आधीच गेलेली, धाकटा भाऊ विल्सन नुकता पुण्यात नोकरीला लागलेला. मॅडमनी इथलीच नोकरी धरली. ते थोडे दिवस काही संपले नाहीत.

आण्णांचा आवाज परत आला, पण त्यातली नावं गेली होती. माणसांची, वस्तूंची, गावांची, सगळी. उरली फक्त क्रियापदं. "दे," आण्णा खाटेवरून म्हणायचे. "काढ." "ठेव की." काय देऊ, काय काढू, कुठं ठेवू, हे त्यांना सांगता यायचं नाही. क्रियापदाला काय काय लागतं याचा अभ्यास करणारी बाई दिवसभर खाटेशी उभी राहून विचारायची, "पाणी देऊ? चष्मा देऊ? उशी देऊ?" सुरुवातीला आण्णांना खरोखरच फारसं समजत नव्हतं. नगरच्या डॉक्टरांनीही समज किती राहिलीय ते सांगता येत नाही, असं म्हटलं होतं. पुढे पुढे तर आण्णा थकून कशालाही "व्हय" म्हणायला लागले. उशी? व्हय. पंखा बंद करू? व्हय. पोलिसात देऊ? व्हय. त्यामुळे म्हाताऱ्याला काही कळत नाही, हे सगळ्यांनी धरून टाकलं.

रविवारी त्यांना चाकाच्या खुर्चीतून चर्चमध्ये नेत. तिथली तऱ्हा आणखी वेगळी. पेटी सुरू झाली, की आण्णा गीत पहिल्यापासून शेवटपर्यंत गायचे, नावांसकट, एकही शब्द न गाळता. सबंध मंडळी चकित. एकदा एक वडीलधारे गृहस्थ डोळे पुसत जवळ आले आणि म्हणाले, "आण्णा, बरे झालात की! कसं वाटतंय?"

"दे," आण्णा म्हणाले.

गृहस्थांनी घाईघाईनं खिसे चाचपले. मॅडमनी खुर्ची वळवली.

मॅडमचं सगळं जगणं एका घड्याळाला बांधलेलं होतं. त्या शिकवायला गेल्या, की कौसाबाई आण्णांपाशी बसायची. गल्लीतलीच बाई. मुलगा आणि सून दसऱ्यानंतर ऊसतोडीला गेले, की ही एकटीच. जिभेनं तिखट, हातानं मऊ. पण चार वाजले, की तिला शेळ्या सोडायच्या असत. चारला ती निघणार म्हणजे निघणारच. म्हणून मॅडम कुठेही असल्या तरी साडेतीनपासून मनगटाकडे बघायला लागायच्या. बैठकीत, वर्गात, कुणाच्या लग्नाच्या पंगतीत. बोलणारा वाक्याच्या मध्यावर असतानाच त्यांची पर्स खांद्यावर चढलेली असायची.

त्यांची एकच चैन होती. कॉलेजातून घरी जाताना वाट थोडी वाकडी करून एसटी स्टँडवर पाच मिनिटं उभं राहायचं आणि गाड्यांच्या पाट्या वाचायच्या. पुणे. नगर. सोलापूर. वाचून झालं, की भराभर घरी.

सगळ्या शिक्षकांची सहल भंडारदऱ्याला निघाली, तेव्हा मॅडम गाडीपाशी आल्या त्या लाडवांचा डबा द्यायला. शिवाय माझ्या हातात चुकीच्या वाक्यांचा कागद कोंबला. "तिकडची, अकोले तालुक्यातली माणसं यातलं काय चालवून घेतात, तेवढं बघ गं." मी बघितलं. धरणाजवळ चहाच्या टपरीवर एक बाई होती. तिला म्हटलं, "मावशी, मी उद्या घरी जाऊ ठरवलंय."

ती कप विसळत म्हणाली, "मग जा की."

परत आल्यावर मी विजयी चेहऱ्यानं सांगितलं, की अकोल्याला हे वाक्य चालतं. मॅडमनी कपाळाला हात लावला. "अगं, चालत नाही. तू इतकं मनापासून म्हणालीस, की तिनं वाक्य ऐकलंच नाही. तिला तुझं घरी जाणं ऐकू आलं. खरंच सांगायचं काही असलं, की माणूस चुका बघत नाही. म्हणून चाचणीचं वाक्य कोरड्या तोंडानं म्हणायचं असतं."

आणि मग हैदराबादहून मेल आली. तिथल्या एका संशोधन संस्थेत दोन वर्षांचं काम. प्रबंध तिथेच पुरा करायचा, राहायची सोय, भोवती फक्त भाषेचं बोलणारी माणसं. आधी एक ऑनलाइन व्याख्यान द्यायचं, तेही नावापुरतं. त्यांना मॅडम हव्याच होत्या. मॅडमनी ती मेल मला दोनदा वाचून दाखवली. इतक्या वर्षांत त्यांना आपल्यासाठी काही मागताना मी पाहिलं नव्हतं. त्या दिवशी म्हणाल्या, "मला जायचंय गं. फार जायचंय." मला त्यांचा इतका आनंद झाला, की मी त्यांना मिठीच मारली.

विल्सन पुण्याहून आला. मुलगा वाईट नव्हता. त्यानं पुण्यात चांगलं म्हाताऱ्यांचं घर बघून ठेवलं होतं. आण्णांच्या खाटेच्या कडेवर बसूनच तो बोलत होता. "ताई, तू जा. तिथं नर्स असतात, वेळेवर सगळं करतात. आणि त्यांना कुठं कळतंय, आपण घरी आहोत की आणखी कुठं?"

"रात्री हाका मारतात रे," मॅडम म्हणाल्या.

"कुणाला मारतात? नाव तरी घेता येतं का त्यांना? तू दिसेनाशी झालीस, की किती दिवसांत तुलाही विसरतील, बघ."

मी पायरीवर बसून ऐकत होते. आण्णा छताकडे बघत होते. विल्सननं त्यांच्या पायावरचं पांघरूण सारखं केलं आणि विचारलं, "जायचं ना आण्णा पुण्याला?"

"व्हय," आण्णा म्हणाले.

झालं, ठरलं. मॅडमनी खाटेखालची बॅग काढली आणि झटकून दारामागे ठेवली.

पुढच्या रविवारी दुपारी त्या खालच्या खोलीत व्याख्यानाची तयारी करत होत्या. आधी बरोबर वाक्य, मग चुकीचं, असं मोठ्यानं वाचत होत्या. कौसाबाई शेंगा फोडत बसलेली. मी परत द्यायचं भांडं घेऊन खाली आले, तेव्हा मॅडम हातातला कागद तसाच धरून उभ्या होत्या. मला बघून त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

"पोरगं रडायला लागलं," त्यांनी वाचलं. खोली शांत.

"पोरगं रडायचं लागलं."

"च्!" खाटेवरून आवाज आला.

"ती पोहू शकते." शांत. "ती पोहायला शकते."

"च्!" आण्णा म्हणाले. आणि त्याच क्षणी कौसाबाईही म्हणाली, "आसं कुनी म्हनतं का?" मग स्वतःच दचकून खाटेकडे बघायला लागली. "आगं बया! आण्णाला तर समदं कळतंय!"

आम्ही तिघी हसत सुटलो. मॅडमनी आणखी वाक्यं म्हटली, भराभर, बरोबर-चूक उलटसुलट करून. आण्णा एकदाही फसले नाहीत. लिलावातल्यासारखे नेमक्या वेळी "च्" करत होते. त्यांच्या डाव्या डोळ्यात जुनी मिश्किली आली होती. मॅडम टाळ्या पिटत होत्या. लहान मुलीसारख्या खाटेभोवती फिरत होत्या. "आत सगळं शाबूत आहे! बघ गं, सगळं शाबूत आहे!"

आणि त्याच भरात त्या म्हणाल्या, "आण्णा, मी हैदराबादला जाऊ ठरवलंय."

वाक्य चुकीचं होतं. आम्ही "च्"ची वाट बघत राहिलो. आण्णा "च्" म्हणाले नाहीत. ते मॅडमकडे बघत राहिले. मिश्किली गेली. डोळे भरून आले आणि त्यांनी मान हळूहळू भिंतीकडे वळवली.

कौसाबाईच्या हातातली शेंग तशीच राहिली. मला टपरीवरची ती बाई आठवली, आणि मॅडमनाही आठवली असणार. त्या खाटेच्या कडेवर बसल्या, बरोबर विल्सन बसला होता त्याच जागेवर. म्हणाल्या, "म्हणजे परवाचंही सगळं ऐकलं यांनी." मग आणखी हळू म्हणाल्या, "काही कळत नाही, असं मलाही वाटत होतं. तसं वाटणं सोयीचं होतं."

विल्सनला फोन झाला. तो म्हणाला, "च् करतात म्हणजे कळतं का, ताई? पोपटही करतो." मॅडम एवढंच म्हणाल्या, "तू ये आणि त्यांच्यासमोर पुन्हा बोलून दाखव." तो आला नाही. हैदराबादला त्यांनी आधी मुदत मागितली, मग आणखी मागितली, आणि मग नकार कळवला.

त्या दिवसानंतर मॅडम साध्वी झाल्या असं मात्र मुळीच नाही. चिडायच्या. स्वयंपाकघराचं दार आपटायच्या. मला म्हणाल्या होत्या, "मला देवमाणूस म्हणू नकोस. मला राग येतो त्यांचा. त्या दिवशी त्यांनी च् म्हटलं असतं ना, तर मी आज तिथं असते." कधी भांडण झालं, की मुद्दाम एकामागून एक चुकीची वाक्यं म्हणत भाजी चिरायच्या. आण्णा खाटेवरून "च्! च्! च्!" करत बसायचे. माडीवर मला कळायचं, आज खाली बिनसलंय.

आण्णांनीही आपल्या परीनं प्रयत्न केला. बॅग अजून खाटेजवळच्या दारामागेच होती. एका संध्याकाळी मी खाली आले, तर आण्णा डाव्या हातातल्या काठीनं ती बॅग खाटेवरूनच मॅडमकडे ढकलत होते. "जा," म्हणत होते. "जा की. जा!" कपाळावर घाम. बॅग जराही सरकत नव्हती, आणि गावाचं नाव काही केल्या तोंडात येत नव्हतं.

मॅडमना सगळं कळत होतं. त्यांनी नेहमीसारखंच विचारलं, "कुठं जाऊ, आण्णा? बाजारात? स्टँडवर? चर्चला?"

"व्हय," आण्णा शेवटी थकून म्हणाले. काठी खाली टाकली. मॅडमनी बॅग उचलून पुन्हा खाटेखाली सारली आणि त्यांचं कपाळ पुसलं. मी वर निघून गेले. मला दोघांचाही राग आला होता आणि दोघांसाठीही रडू येत होतं.

पुढे माझी बदली आमच्या भागात झाली. आण्णा गेल्याचं फोनवर कळलं. मातीला पोचता आलं नाही, म्हणून नंतर भेटायला गेले. खोलीत खाट उभी करून भिंतीला टेकवली होती. फरशीवर तिच्या चार पायांचे डाग तसेच. कौसाबाईनं आता दुसऱ्या घरचं काम धरलं होतं. हैदराबादचं विचारलं, तर मॅडम म्हणाल्या, की ते काम केव्हाच दुसऱ्याला गेलं, आणि पुण्याची नोंदणीही मुदत उलटून रद्द झाली.

"पण आता दुसरीकडे अर्ज करा ना," मी म्हटलं. "आता तुम्हाला कोण अडवतंय?"

त्या चहा गाळत होत्या. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "मी कुठंतरी लांब जाऊ ठरवलंय."

मी म्हणाले, "मग जा की, मॅडम."

त्यांनी मान वळवून खाटेकडे पाहिलं, मग कप माझ्यापुढे ठेवला. "कुणी च् म्हणत नाही गं आता. कुठलंही वाक्य चालतं इथं."

मला सोडायला त्या स्टँडवर आल्या. खूप दिवसांनी आम्ही दोघी अशा निवांत उभ्या होतो. त्यांनी पाट्या वाचल्या. पुणे. नगर. सोलापूर. हैदराबादला सोलापूरहून गाडी मिळते, असं स्वतःहून म्हणाल्या. चेहरा जरा मोकळा वाटला. मी मनात म्हटलं, जातील. आज नाही तर पुढच्या महिन्यात, पण जातील. माझी गाडी लागली. मी चढले, खिडकीपाशी जागा धरली आणि त्यांना हात करायला वळले.

मॅडम मनगटाकडे बघत होत्या. पर्स खांद्यावर चढली होती. "चल गं, येते मी," त्या खालून ओरडल्या, "चार वाजत आले. कौसाबाई निघेल."

आणि मला काही म्हणायची संधी न देता त्या गाड्यांच्या मधून, माणसांना बाजूला सारत, भराभर घराकडे चालायला लागल्या.